न कळलेल्या झडतीविरुद्ध दाद

११ नोव्हेंबर १७६२ रोजी लंडनजवळच्या स्टेपनी येथे जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात राजाचे चार दूत घुसले. सरकारवर झोड उठवणाऱ्या एका साप्ताहिकाशी त्याचा संबंध असल्याचा संशय होता आणि दूतांच्या हाती लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याच्या सहीचे वॉरंट होते. चार तास त्यांनी घर उलथेपालथे केले, दारांची आणि पेट्यांची कुलुपे फोडली, खण उपसले, खासगी कागद वाचून काढले आणि हवे ते उचलून नेले. एंटिकने त्या दूतांवर दावा लावला. असे वॉरंट काढण्याचा अधिकार मंत्र्याला देणारा कायदा कुठल्याही ग्रंथात सापडत नाही, म्हणून तसा अधिकारच नाही आणि राज्याची निकड ही सबब कायद्याची जागा घेऊ शकत नाही, असा निकाल १७६५ मध्ये लॉर्ड कॅम्डेन यांनी दिला. ज्युरीने एंटिकला ३०० पौंडांची भरपाई ठरवली.

खासगीपणाच्या कायद्याचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथून सुरुवात करतात आणि कॅम्डेन यांच्या धैर्याचे कौतुक करून पुढे जातात. माझे लक्ष मात्र त्या फुटलेल्या कुलुपांवर खिळते. एंटिक न्यायालयापर्यंत पोहोचू शकला, कारण आपल्या घरात कोण आले, किती वेळ थांबले आणि काय घेऊन गेले हे त्याला ठाऊक होते. झडती आणि झडती झाल्याचे ज्ञान या दोन गोष्टी त्या काळी वेगळ्या करताच येत नव्हत्या. आज त्या वेगळ्या झाल्या आहेत. फोनवरचे बोलणे, पत्रव्यवहार, दिवसभराचा ठावठिकाणा, कोणाशी किती वाजता किती वेळ बोलणे झाले याची नोंद, यांतले काहीही काढून घेताना कुठेही कुलूप फुटत नाही. मूळ वस्तू मालकाकडेच राहते, तिची प्रत दुसऱ्याच्या हाती जाते आणि मालकाला त्याचा पत्ता लागत नाही. सरकारी पाळतीवरच्या चर्चेत हक्क किती मोठा आणि सुरक्षेची गरज किती मोठी याचे वजन-माप पुष्कळ होते. पण ज्याचा भंग झाला हेच कळत नाही त्या हक्काची दाद मागायची कशी, हा प्रश्न त्या तराजूत येतच नाही. माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. पाळत संपल्यानंतर ठरावीक मुदतीत संबंधित माणसाला ती कळवण्याचे बंधन सरकारवर असेल, तरच खासगीपणाच्या बाकीच्या तरतुदींना अर्थ राहतो.

प्रत्यक्ष घराच्या झडतीबाबत आपला कायदा याबाबतीत पुरेसा सावध आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये, झडतीच्या वेळी परिसरातले निदान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच हजर असावेत, घरमालकाला उपस्थित राहू द्यावे, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करून तिच्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या यादीची प्रत घरमालकाला द्यावी, असे सांगितले आहे. पंचनाम्याची आपण कितीही थट्टा करत असलो, तरी त्यामागचा विचार गंभीर आहे. घरातून चार भांडी आणि दोन वह्या नेल्या तरी पावती द्यावी लागते. त्याच घरातल्या माणसाचे दोन महिन्यांचे प्रत्येक संभाषण नेले तर पावती नाही, पंच नाहीत आणि घरमालकही हजर नाही. ही विसंगती कोणी ठरवून आणलेली नसून तंत्रज्ञानाच्या मागून कायदा फरफटत गेला तेव्हा मधल्या मध्ये ती निर्माण झाली आहे, हे मान्य करूनही ती विसंगतीच ठरते.

ती फरफट कशी झाली, हे अमेरिकेतल्या दोन खटल्यांत स्वच्छ दिसते. १९२८ च्या ओल्मस्टेड खटल्यात दारूची चोरटी विक्री करणाऱ्यांचे फोन अधिकाऱ्यांनी कित्येक महिने ऐकले होते; तारा रस्त्यावर आणि कचेरीच्या तळघरात जोडल्या होत्या, आरोपींच्या घरात कोणी पाऊल टाकले नव्हते. घरात शिरलेच नाही तर झडती कसली, असे म्हणून बहुमताने सरकारला मोकळे सोडले. न्या. ब्रँडाइस यांनी मात्र भिन्नमतपत्रात बजावले की, गुप्त खणातले कागद न उचलता त्यांतला मजकूर न्यायालयात मांडण्याची साधने सरकारला एके दिवशी मिळू शकतील. पुढे १९६७ मध्ये कॅट्झ खटल्यात, सार्वजनिक फोनच्या काचेच्या खोक्याबाहेर ध्वनिमुद्रक लावून ऐकलेले बोलणे हीसुद्धा झडतीच, असे त्याच न्यायालयाने ठरवले. घराच्या भिंतीऐवजी माणसाला संरक्षण मिळाले आणि हे मोठे पाऊल होते, यात वाद नाही. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. ओल्मस्टेडला आणि कॅट्झला आपले बोलणे ऐकले गेले हे कशामुळे कळले? सरकारनेच ते बोलणे पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्ध मांडले म्हणून.

ब्रिटनमधल्या मेलोन प्रकरणात तर हे ज्ञान निव्वळ योगायोगाने झाले. जेम्स मेलोन हा जुन्या वस्तूंचा व्यापारी. चोरीचा माल घेतल्याचा त्याच्यावर आरोप होता. १९७८ साली खटला चालू असताना तपास अधिकाऱ्याच्या टिपणवहीत त्याच्या एका फोनवरच्या बोलण्याचा तपशील लिहिलेला आढळला. त्या वहीचे ते पान उघडले गेले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. मेलोनने दिवाणी दावा लावला, तिथे तो हरला, कारण फोन ऐकण्यास मनाई करणारा कायदाच इंग्लंडमध्ये नव्हता. मग तो स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, तिथे १९८४ मध्ये जिंकला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेला फोन-टॅपिंगसंबंधी पहिला कायदा करावा लागला. एका वहीतल्या नोंदीने एका देशाचा कायदा घडवला, असे म्हणता येईल. पण ज्या वह्या कधी न्यायालयात आल्याच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आपल्याकडेही चित्र वेगळे नाही. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या खरकसिंग प्रकरणात, दरोड्याच्या खटल्यातून पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या दारात रात्री-अपरात्री येऊन पोलीस हाका मारत असत. त्याला कळत होते, कारण त्याची झोप मोडत होती; त्या रात्रीच्या भेटी न्यायालयाने रद्दही केल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन-टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेली संभाषणे नष्ट करायला सांगितले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्याची अट तिथे पुरी होत नव्हती. हा निकाल अतिशय मोलाचा आहे. पण त्यातही अर्जदार हा आरोपीच होता आणि ती संभाषणे तपास यंत्रणेने त्याच्याविरुद्ध वापरायला काढली होती.

या सगळ्या खटल्यांतून एक विचित्र निष्कर्ष निघतो आणि तो मी मुद्दाम ठळक करून मांडतो आहे. ज्याच्याविरुद्ध काहीतरी सापडले, त्याला पाळत कळते, वकील मिळतो, न्यायालय मिळते आणि कधी कधी न्यायही मिळतो. ज्याच्यावर पाळत ठेवून काहीच सापडले नाही, त्याला मात्र ती कधीच कळत नाही. म्हणजे हक्काच्या उपयोगाच्या दृष्टीने संशयित गुन्हेगाराची स्थिती निरपराध माणसापेक्षा बरी आहे. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मग मला काय भीती’ असे म्हणणाऱ्यांना सहसा खासगीपणाच्या प्रतिष्ठेचे व्याख्यान ऐकवले जाते. त्याची गरज नाही. त्यांना इतकेच सांगावे की, तुमच्याकडे लपवण्यासारखे काही नसेल तर आजच्या कायद्यात सगळ्यात कमी संरक्षण तुम्हालाच आहे.

न्यायालये ही कोंडी फोडतील, ही अपेक्षा किती भाबडी आहे हे अमेरिकेने २०१३ साली दाखवून दिले. परदेशी व्यक्तींच्या संपर्कांवर सरसकट पाळत ठेवण्याची मुभा देणाऱ्या २००८ च्या कायदेदुरुस्तीला काही वकील, पत्रकार आणि मानवी हक्क संघटनांनी आव्हान दिले होते. परदेशातल्या अशिलांशी आणि स्रोतांशी फोनवर बोलणे धोक्याचे वाटत असल्याने त्यांना प्रत्यक्ष भेटायला प्रवास करावा लागतो, खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे होते. २६ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. तुमचे संभाषण खरोखर टिपले गेले आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही, तुमची भीती हा तर्क आहे आणि त्या भीतीपोटी केलेला खर्च तुम्ही स्वतःच ओढवून घेतलेला आहे, असा त्या निकालाचा आशय. बरोबर शंभर दिवसांनी, ६ जून २०१३ रोजी, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘प्रिझम’ या इंटरनेटवरच्या पाळतीच्या गुप्त कार्यक्रमाची बातमी जगभर छापून आली. तिच्या आदल्या दिवशी लक्षावधी अमेरिकी ग्राहकांच्या फोनच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला देण्याचा गुप्त आदेश उघड झाला होता. तर्क तर्क राहिला नव्हता.

या प्रकरणातला एक तपशील मात्र बातम्यांच्या धबडग्यात हरवला आणि तो मला सगळ्यांत बोलका वाटतो. सुनावणीत सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांपैकी एकाने न्यायालयाला आश्वस्त केले होते की, या कायद्याखाली मिळवलेली माहिती खटल्यात वापरायची झाली तर आरोपीला तसे कळवावे लागतेच. त्यामुळे कायद्याला आव्हान देऊ शकणारा कोणीतरी असणारच. निकालातही या युक्तिवादाचा आधार घेतला गेला. नंतर उघड झाले की, २००८ पासून तोवर एकाही आरोपीला अशी सूचना दिली गेली नव्हती. पहिली सूचना ऑक्टोबर २०१३ मध्ये, म्हणजे बोभाटा झाल्यावर निघाली. न्यायालयाने ज्या दाराकडे बोट दाखवले ते आतून बंद होते आणि बंद आहे हे न्यायालयालाही माहीत नव्हते. कायद्यात सूचनेची तरतूद असणे आणि ती न पाळल्यास काय होईल हे ठरलेले असणे, यांत किती अंतर असते हे यापेक्षा स्पष्ट दुसरे कुठले उदाहरण मला आठवत नाही.

युरोपने वेगळी वाट धरली. जर्मनीतल्या पाच कायदेतज्ज्ञांनी, त्यांत एक न्यायाधीश आणि एक सरकारी वकीलही होते, पाळतीच्या कायद्याविरुद्ध स्ट्रासबर्गला तक्रार केली. आपल्यावर पाळत होती असा त्यांचा दावाही नव्हता. १९७८ च्या या क्लास प्रकरणात न्यायालयाने त्यांचे गाऱ्हाणे शेवटी फेटाळले. पण दार मात्र उघडले. गुप्त पाळतीचा कायदा अस्तित्वात असणे हेच त्याच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येकासाठी हक्कावरचे अतिक्रमण ठरू शकते आणि ते गुप्त आहे म्हणून माणसाची दादच नाहीशी होणे मान्य करता येणार नाही, हे तत्त्व तिथून रूढ झाले. २०१५ च्या झाखारोव्ह प्रकरणात त्याच तत्त्वावर रशियाची यंत्रणा सापडली. रशियन कायद्याप्रमाणे फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाचा आदेश लागतो. कागदावर ही व्यवस्था अनेक लोकशाही देशांपेक्षा कडक आहे. पण प्रत्येक दूरसंचार कंपनीला आपल्या जाळ्यात सुरक्षा यंत्रणांना थेट शिरता येईल अशी उपकरणे बसवावी लागत होती. तो न्यायालयीन आदेश कंपनीला दाखवण्याची गरज नव्हती आणि कोणाचे फोन ऐकले गेले याची नोंद ठेवण्यास मनाईच होती. आदेश न घेताच ऐकले तर ते पकडायचे कोणी? तक्रारदाराला आपला फोन ऐकला गेल्याचे सिद्ध करता आले नाही, तरी न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

म्हणूनच पाळतीच्या आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. परवानगी हवीच. पण ती देताना समोर एकच बाजू असते. १९७८ पासून अमेरिकेत गुप्तचर पाळतीसाठी खास न्यायालय आहे, त्याचे न्यायाधीश सन्मान्य आहेत आणि तरीही देशातल्या जवळजवळ प्रत्येक फोनच्या नोंदी गोळा करण्याची परवानगी त्याच न्यायालयाने वर्षानुवर्षे नव्वद-नव्वद दिवसांनी वाढवून दिली. समोर विरोधी पक्षाचा वकील उभा नसेल तर चांगला न्यायाधीशही हळूहळू कारकुनासारखा सही करू लागतो. पुढे २०१५ मध्ये खुल्या सुनावणीनंतर अपील न्यायालयाने याच कार्यक्रमाला कायद्याचा आधार नसल्याचे सांगितले. मजकूर तोच होता, कायदा तोच होता. बदल झाला तो एवढाच, की दुसऱ्या बाजूला माहिती मिळाली होती. आणि या साऱ्यातून हाती काय लागले? खासगीपणा व नागरी स्वातंत्र्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी मंडळाने जानेवारी २०१४ च्या अहवालात म्हटले की, देशाला असलेल्या धोक्याबाबतच्या एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निष्पत्तीत या नोंदींमुळे ठोस फरक पडला, असे एकही उदाहरण आढळले नाही.

आपल्या देशात परवानगीसाठी न्यायाधीशही नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याखाली, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या चौकटीत आणि फोन-टॅपिंगसंबंधीच्या २००७ च्या नियम ४१९अ मध्ये, आदेश काढणार गृहसचिव आणि त्याची तपासणी करणार सचिवांचीच आढावा समिती, अशी रचना होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम आले तरी हा सांगाडा तसाच आहे. माहिती संरक्षणासंबंधी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात या आढावा समितीपुढच्या कामाचा आकडा दिला आहे: दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या बैठकीत १५,००० ते १८,००० आदेशांचा आढावा. श्रीकृष्ण समितीने याला अवास्तव म्हटले, ते फार सौम्य शब्दांत. एका आदेशाला एकच मिनिट द्यायचे ठरवले, तरी १५,००० आदेशांना अडीचशे तास लागतात. म्हणजे मंत्रिमंडळ सचिवांसारखे तीन अतिव्यग्र अधिकारी दहा दिवस आणि दहा रात्रींहून अधिक काळ न झोपता, न जेवता सह्या तपासत बसले पाहिजेत. हे होत नाही हे सांगायला अहवालाची गरज नाही. आणि ज्यांच्याबद्दल हे आदेश आहेत त्यांच्यापैकी कोणालाही, आदेश संपल्यावरही, ही गोष्ट कळवण्याचे बंधन कोणावर नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. सरकारी हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, या कसोट्याही त्यातून आल्या. कसोट्या उत्तम आहेत. मात्र प्रमाणबद्धतेची कसोटी लावायला कोणीतरी न्यायालयात यावे लागते. २०२१ मध्ये पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबाबत याचिका आल्या त्या आंतरराष्ट्रीय माध्यमांनी त्याच्या संभाव्य लक्ष्यांची यादी उघड केल्यावर. तोपर्यंत पुट्टस्वामी निकाल चार वर्षे ग्रंथालयात होता. न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या पाचांत कुठलेतरी घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच का हे ठरवता आले नाही आणि सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर अधिसूचनेद्वारे सरकारी यंत्रणांना त्या कायद्यातून पूर्ण सूट देण्याची सोय करून ठेवली आहे.

आता सूचनेला जो आक्षेप घेतला जातो त्याकडे वळू. पाळत कळवली तर गुन्हेगार सावध होईल, तपासाची पद्धत उघडी पडेल, हेरगिरीचे कामच थांबेल. हा आक्षेप खोटा नाही, पण जुना आहे आणि त्याला मिळालेली उत्तरेही जुनी आहेत. अमेरिकेत १९६८ पासून साध्या गुन्ह्यांच्या तपासातल्या फोन-टॅपिंगबाबत नियम आहे की, आदेशाची मुदत संपल्यापासून जास्तीत जास्त नव्वद दिवसांत आदेशात नाव असलेल्या माणसाला कळवायचे. तपासाला बाधा येणार असेल तर न्यायाधीश ही मुदत पुढे ढकलू शकतो. कॅनडातही मुदत नव्वद दिवसांचीच आहे. त्या देशात तातडीच्या प्रसंगी परवानगीविना फोन ऐकण्याची एक तरतूद होती आणि तिच्यात मागाहून कळवण्याचे बंधन नव्हते; २०१२ च्या त्से खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणासाठी ती घटनाबाह्य ठरवली. तातडीत परवानगी न घेणे न्यायालयाने समजून घेतले, नंतरही न कळवणे समजून घेतले नाही. जर्मनीत गुप्तचर पाळतीलासुद्धा सूचनेचा नियम लागू आहे. पाळत संपल्यावर बारा महिन्यांत कळवले नाही, तर पुढे लांबवण्यासाठी स्वतंत्र आयोगाची संमती लागते. कायमचे न कळवण्याचा निर्णय पाच वर्षांनंतरही धोका टळलेला नसेल तरच आणि आयोग एकमताने म्हणेल तरच घेता येतो. या तिन्ही देशांत गुन्हेगार पकडले जातात. फोन ऐकता येतात हे गुन्हेगारांना ठाऊक नाही, असा समज फक्त युक्तिवादात उरला आहे.

पूर्व जर्मनीचे उदाहरण इथे देण्याचा मोह होतो. श्टाझी या तिथल्या गुप्त पोलीस यंत्रणेच्या फायली शेजारी शेजारी लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. डिसेंबर १९९१ च्या कायद्याने त्या ज्यांच्याबद्दल होत्या त्यांना खुल्या झाल्या आणि लाखो लोकांनी अर्ज करून वाचनकक्षात बसून आपली फाइल वाचली, आपल्यावर कोणी लक्ष ठेवले होते ते नावानिशी पाहिले. तुलना अर्धवटच आहे, हे मीच सांगतो. ते राज्य संपले होते आणि मेलेल्या राज्याची गुपिते उघडणे जिवंत राज्यापेक्षा सोपे असते. पण इतक्या माणसांना कळवणे व्यवहारात अशक्य आहे, हा जो युक्तिवाद होतो तो या उदाहरणाने लंगडा पडतो.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती टाळून चालणार नाही. एका माणसाच्या नावाने आदेश निघाला असेल तर त्याला कळवता येईल. पण समुद्राखालच्या तारेतून वाहणारे सगळेच टिपून ठेवले, किंवा अख्ख्या देशाच्या फोन-नोंदी साठवल्या, तर कळवायचे कोणाला? स्ट्रासबर्गच्या न्यायालयानेही मे २०२१ च्या ब्रिटनविरुद्धच्या निकालात अशी घाऊक पाळत मुळातच अवैध मानली नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुरक्षेची कुंपणे असावीत, परवानगी सरकारबाहेरच्या स्वतंत्र संस्थेने द्यावी असे बजावले. सूचनेऐवजी, कोणालाही केवळ संशयावरून तक्रार करता येईल असे न्यायाधिकरण पुरेसे ठरू शकते असे मानले. मला हे उत्तर अपुरे वाटते. अशा न्यायाधिकरणात अर्जदार अंधारात बाण मारत असतो आणि बाण लागला की नाही हेही त्याला पुष्कळदा सांगितले जात नाही.

माझ्या दृष्टीने घाऊक पाळतीत दोन वेगळे क्षण आहेत. पहिला, माहिती साठवली जाते तो. दुसरा, कोणी अधिकारी त्या साठ्यात एखाद्या माणसाचे नाव, क्रमांक किंवा ई-मेल घालून शोध घेतो तो. पहिल्या क्षणी माणूस कोट्यवधींतला एक असतो. दुसऱ्या क्षणी मात्र तो पुन्हा जॉन एंटिक होतो, कारण कोणीतरी त्याचाच खण उघडलेला असतो. सूचनेचे बंधन या दुसऱ्या क्षणाला जोडता येते. असे शोध मोजता येत नाहीत, हे म्हणणे आता टिकणारे नाही. अमेरिकेच्या गुप्तचर विभागाने स्वतःच्या वार्षिक अहवालात दिलेल्या आकड्यांनुसार एफबीआयने २०२१ मध्ये परदेशी पाळतीतून जमलेल्या साठ्यात अमेरिकी व्यक्तींसंबंधी जास्तीत जास्त ३४ लाख शोध घेतले. त्यांतला मोठा भाग एकाच सायबर तपासाशी निगडित होता. २०२३ मध्ये हीच संख्या सुमारे ५७,००० वर आली. मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली हे खरे; पण त्याचबरोबर संगणकातली मूळ मांडणीही बदलली, या साठ्यात शोध घ्यायचा असेल तर अधिकाऱ्याने तसे मुद्दाम निवडावे लागेल असे केले गेले, हेही खरे. जी गोष्ट मोजता येते, जिची कारणमीमांसा मागता येते आणि जी एका क्लिकच्या आडकाठीने घटते, ती काही काळाने संबंधिताला कळवताही येते.

साठवणेच मुळात वाईट नाही का, असे यावर कोणी विचारील. आहे; आणि २०१४ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने फोन-नोंदी सरसकट साठवायला लावणारा निर्देश याच कारणाने रद्द केला. पण जिथे साठे आधीच उभे आहेत, किंवा सरकारे खासगी विक्रेत्यांकडून तीच माहिती पैसे मोजून विकत घेऊ लागली आहेत, तिथे साठवणीवरच्या बंदीची वाट पाहत बसण्यापेक्षा शोधाची पावती मागणे मला जास्त व्यवहार्य वाटते. पावती मिळू लागली की दावे उभे राहतील, दाव्यांतून प्रमाणबद्धतेचा अर्थ ठरेल आणि मग साठवणीचा प्रश्नही न्यायालयांना टाळता येणार नाही.

आपल्या कायद्यात ही सुधारणा करायची तर एक छोटासा नियम आधी हाताळावा लागेल. जुन्या नियम ४१९अ प्रमाणे फोन-टॅपिंगचे आदेश आणि टिपलेले संदेश यांच्या नोंदी, कामासाठी लागत नसतील तर, सरकारी यंत्रणांनी दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या आणि दूरसंचार कंपनीने पाळत थांबल्यापासून दोन महिन्यांत. नव्या नियमांनीही या कलमाचे वळण सोडलेले नाही. टिपलेले बोलणे नष्ट करणे योग्यच आहे. ते ज्याचे होते त्याच्या हिताचे आहे. पण त्या बोलण्याबरोबर आदेशाचा कागदही नष्ट होतो आणि आदेश कोणी, कोणत्या कारणासाठी, किती दिवसांसाठी काढला होता हे सांगणारी शेवटची खूण त्याच्यासोबत जाते. नव्वद दिवसांत कळवण्याचा नियम केला तर तो या सहा महिन्यांच्या आत बसतो. कंपनीची दोन महिन्यांची मुदत मात्र वाढवावी लागेल आणि आदेशाची एक प्रत निदान दाव्याच्या मुदतीपर्यंत न्यायालयाच्या ताब्यात सीलबंद ठेवावी लागेल. एंटिकच्या खटल्यात हॅलिफॅक्सचे वॉरंट न्यायालयापुढे होते. ते सहा महिन्यांनी जाळले गेले असते, तर कॅम्डेन यांच्यापुढे वाचायलाच काही उरले नसते.